वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांची सोसायटी, तिचे नियम आणि रोजचा कारभार

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या गृहसंकुलांतून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न निवडले आहेत. कायद्याची उत्तरे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी (संस्थेची नियमावली) यांना धरून आहेत. तुमची नोंदणी अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली (१९७०) असेल, तर वर्गणीची वाटणी, मतदान आणि वारसाची प्रक्रिया वेगळी असते. पुणे परिसरात अशी संकुले बरीच आहेत. त्यामुळे उत्तरे वाचण्याआधी ऑफिसच्या भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे ५५ वर्षांखालच्या कोणी राहू नये असा नियम आहे. एका सभासद बाईंचे निधन झाले. त्यांचा ३८ वर्षांचा मुलगा पत्नी आणि शाळकरी मुलीसह राहायला यायचे म्हणतो. त्याला नाही म्हणता येईल का? (सचिव, पुणे)

मालकी, सभासदत्व आणि वास्तव्य या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. समित्या त्या एकत्र करतात आणि वाद तिथूनच सुरू होतो.

मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने जाते. त्यात सोसायटीला मत नाही. सभासदत्वासाठी अधिनियमाचे कलम १५४ब-१३ आहे. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारसांमधला कौटुंबिक करार किंवा नामनिर्देशन यांच्या आधारे हिस्सा हस्तांतरित होतो. फक्त नामनिर्देशन असेल, तर वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. त्याने तोवर फ्लॅट वारसांसाठी सांभाळायचा असतो, नॉमिनी झाला म्हणून तो मालक होत नाही. निधनानंतर वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावे होणाऱ्या हस्तांतरणावर प्रीमियम घेता येत नाही. प्रवेश फी आणि हस्तांतरण फी मिळून जी काही शेकड्यांतली रक्कम उपविधीत आहे, तेवढीच घ्यायची.

आता वास्तव्याकडे वळू. तुमचा वयाचा नियम नेमका कुठे लिहिला आहे ते आधी शोधा. तो बिल्डरच्या माहितीपुस्तिकेत असेल तर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. विक्रीकरारात असेल तर करार करणारा बांधला जातो, पण सोसायटीने त्यावर अंमलबजावणी करायला गेले की अडचणी येतात. नोंदणीकृत उपविधीत असेल तर पाया भक्कम आहे. सभासदत्वावर अट घालणारा उपविधी टिकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात मान्य केले. तो निकाल वयाबद्दलचा नव्हता, तरी नोंदलेल्या उपविधीला किती वजन आहे हे त्यातून कळते.

उपविधीत नियम नसेल तर दुरुस्ती करून घ्या. मसुदा सभेच्या नोटिशीसोबत १४ पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हाती गेला पाहिजे. हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने तो मंजूर करायचा आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे नोंदणीसाठी पाठवायचा. त्यांची नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती लागू होत नाही. अनेक सोसायट्या ठराव झाला की नियम झाला असे धरून चालतात आणि पुढे त्या ठरावाच्या जोरावर कोणाला तरी अडवायला जाऊन तोंडघशी पडतात.

मसुद्यात नुसते ‘५५ वर्षांखालील व्यक्तीस मनाई’ लिहू नका. इतक्या त्रोटक नियमाचा फटका पुढे तुमच्याच सभासदांना बसतो. पुढील गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. सभासदाच्या निधनानंतर जोडीदाराचे वय कमी असले तरी त्याला किंवा तिला तहहयात राहता यावे. सभासदावर अवलंबून असलेले दिव्यांग अपत्य राहू शकावे. रात्री मुक्कामी असणारा मदतनीस यात मोजू नये. पाहुणे वर्षात एकूण किती दिवस राहू शकतात तो आकडा असावा. आणि वय न बसणाऱ्या वारसाला फ्लॅट विकण्यासाठी, वयात बसणाऱ्याला भाड्याने देण्यासाठी किंवा स्वतःचे वय होईपर्यंत बंद ठेवण्यासाठी पर्याय असावेत. सामान आवरण्यासाठी, कागदपत्रांसाठी वारसाला काही महिने तिथे राहावे लागते. ती मुदतही लिहून टाका.

फ्लॅट बंद ठेवला म्हणून ना-वापर शुल्क लावता येत नाही. ते फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि हिशेब करताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई-सून, नातवंडे राहत असतील तर तेही नाही.

या मुलाशी बोलताना आधी त्याला सभासद करून घ्या आणि वास्तव्याचा विषय वेगळ्या पत्रात मांडा. वास्तव्यावरून सभासदत्वाचा अर्ज अडवून ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तो उपनिबंधकांकडे गेला तर पहिल्याच सुनावणीत सोसायटीची बाजू कमकुवत होते.

प्रश्न : वार्षिक सभेला गणपूर्ती (कोरम) होत नाही. बरेच सभासद अंथरुणाला खिळलेले, तर काही मुलांकडे परदेशात असतात. मुले कुलमुखत्यारपत्र घेऊन येतात. त्यांना बसू द्यावे का? (अध्यक्षा, नाशिक)

नाही. सहकारी संस्थेत प्रतिनिधीमार्फत मतदान चालत नाही, आणि कुलमुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्याला सर्वसाधारण सभेत बसता येत नाही. मुलगा कितीही समंजस असला तरी त्याच्या मताने झालेल्या ठरावाला कोणीही आव्हान देऊ शकतो.

कायद्यातला मार्ग सहयोगी सभासदाचा आहे. सभासदाच्या लेखी शिफारशीवरून पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतणे-भाचे यांना सहयोगी सभासद करता येते. मूळ सभासद गैरहजर असेल आणि त्याची आगाऊ लेखी संमती असेल, तर सहयोगी सभासद मत देऊ शकतो. ज्येष्ठांच्या सोसायटीत प्रत्येक घराने हे करून ठेवायला हवे, आणि सभासद चालता-बोलता असताना करून ठेवायला हवे. सही करता येत नाही अशी वेळ आल्यावर धावपळ सुरू केली तर नंतर त्या अंगठ्यावरच शंका घेतली जाते.

गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जे कमी असेल ती. ९० सभासदांच्या सोसायटीत २० जण पुरतात. तेवढेही न आल्यास सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करून त्याच दिवशी पुन्हा घेता येते आणि तेव्हा गणपूर्ती लागत नाही. मात्र ही तरतूद मूळ नोटिशीत लिहिलेली असली पाहिजे. ती नसेल तर सभा ७ दिवसांनंतर आणि ३० दिवसांच्या आत पुन्हा बोलवावी लागते. वार्षिक सभेची ३० सप्टेंबरची मुदत डोक्यावर असताना हे परवडत नाही.

सभेची वेळ सकाळी १० ते १२ ठेवा. दुपारचे औषध आणि जेवण चुकवून ज्येष्ठ बसणार नाहीत. खुर्च्यांना हात असावेत, माइक फिरता असावा, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर असावे. हिशेबपत्रक नोटिशीसोबत मोठ्या अक्षरात द्या, म्हणजे सभेत आकडे वाचून दाखवण्यात तास जाणार नाही. निवडणुकीचा मुद्दा असेल तर २५० पर्यंत सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेला स्वतःची निवडणूक स्वतः घेता येते, पण निवडणूक अधिकारी ठरलेल्या पद्धतीनेच नेमावा लागतो.

प्रश्न : वीज गेली की लिफ्ट मध्येच थांबते. जनरेटर आहे, तरीही एकदा दोघे बराच वेळ अडकले. रुग्णवाहिकेचे स्ट्रेचरही आत मावत नाही. काय करावे? (देखभाल समिती, ठाणे)

तुमच्या लिफ्टमध्ये ‘एआरडी’ म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारे यंत्र आहे का, ते पाहा. असेल तर दोष बहुतेक वेळा बॅटरीचा असतो. त्या बंदिस्त लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, दोन-तीन वर्षांत उतरतात आणि चार्जरचा दिवा हिरवा दिसत राहतो. त्यामुळे कोणाला कळत नाही. वार्षिक करारात बॅटरी वगळलेली असेल तर तंत्रज्ञ ती स्वतःहून बदलणार नाही. करार काढून ‘समाविष्ट नाही’ या यादीत बॅटरी, दोर आणि दाराचे रोलर आहेत का, ते वाचा.

दर महिन्याला चाचणी घ्या. लिफ्ट कंपनीचा माणूस आत, दुसरा मशीनरूमपाशी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना मुख्य स्विच बंद करायचा. लिफ्ट काही सेकंदांत हळू चालत मजल्यावर आली पाहिजे, दार पूर्ण उघडले पाहिजे, आतला दिवा आणि पंखा चालू राहिला पाहिजे. तारीख, वार आणि सही वहीत. त्याच वेळी आतली घंटा आणि इंटरकॉम तपासायचा. घंटा वाजते, पण वॉचमनच्या केबिनमध्ये ऐकू येत नाही, हा दोष नेहमी सापडतो. रात्री १२ नंतर एकदा वाजवून पाहा.

जनरेटर असूनही लोक का अडकतात? स्वयंचलित पॅनेल ‘मॅन्युअल’वर ठेवलेले असते, सुरुवातीची बॅटरी उतरलेली असते किंवा डिझेल संपलेले असते. जनरेटर आठवड्यातून एकदा १० मिनिटे भार देऊन चालवा. नुसता रिकामा फिरवला तर दोष दिसत नाही.

ज्येष्ठांसाठी दोन सेटिंग तंत्रज्ञाकडून बदलून घ्या. दार उघडे राहण्याचा वेळ साधारण ३-४ सेकंद असतो, तो ८ ते १० सेकंद करा. कंट्रोलरमध्ये ते काही मिनिटांचे काम आहे. दुसरे, लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांतला फरक. १० मिलिमीटरहून जास्त फरक राहिला की वॉकरचा पाय अडकतो. ब्रेकची झीज झाली की हा फरक वाढत जातो. म्हणून लिफ्ट वर-खाली थांबू लागली तर ब्रेक तपासायला सांगा. दाराला एकाच किरणाचा सेन्सर असेल तर काठी किंवा व्हीलचेअरचा पुढचा भाग त्याला दिसत नाही. पूर्ण उंचीचा पडदा-सेन्सर बसवून घ्या.

स्ट्रेचरचे गणित असे. आठ माणसांच्या लिफ्टचा पिंजरा साधारण १३०० बाय ११०० मिलिमीटरचा असतो आणि रुग्णवाहिकेची ट्रॉली दोन मीटरच्या आसपास. ती आडवी मावणार नाही आणि लिफ्ट शाफ्ट बदलणे जवळपास अशक्य. म्हणून दोन साधने सोसायटीच्या मालकीची ठेवा. शुद्धीत असलेल्या, बसू शकणाऱ्या रुग्णासाठी जिन्यावरून उतरवता येणारी, पट्टे असलेली खुर्ची. रुग्ण बसू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल, तर दोन्ही बाजूंना पकडी असलेले कापडी स्ट्रेचर आणि चार माणसे. पायाची बाजू पुढे ठेवून जिना उतरायचा, म्हणजे डोके वर राहते. वॉचमन आणि सफाई कर्मचाऱ्यांकडून वर्षातून दोनदा याचा सराव करून घ्या. साधने तळमजल्यावर कुलूप नसलेल्या कपाटात ठेवा.

१०८ ला फोन केल्यावर काम वाटलेले असावे. एकाने गेट उघडून रस्त्यावर उभे राहायचे, एकाने लिफ्ट त्या मजल्यावर अडवून ठेवायची, एकाने त्या घराची माहितीपत्रकाची फाइल घेऊन रुग्णाजवळ थांबायचे. या फाइलमध्ये रक्तगट, चालू औषधे त्यांच्या मात्रेसह, औषधांची ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर, विमा कार्डाची प्रत आणि दोन नातेवाइकांचे फोन असावेत, त्यातला एक त्याच शहरातला. सहा महिन्यांनी औषधांची यादी बदलून घ्या, कारण जुनी यादी नसलेल्या यादीपेक्षा धोकादायक ठरते. ही माहिती सभासदाच्या लेखी संमतीने घ्यायची, बंद पाकिटात ठेवायची आणि पाकीट उघडले की रजिस्टरमध्ये वेळ व कारण लिहायचे. घराची जादा किल्लीही याच पद्धतीने ठेवा. दार तोडावे लागले नाही, तर रुग्णापर्यंत पोहोचण्यात मोलाची मिनिटे वाचतात.

प्रश्न : बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवले होते. एका सभासदांच्या हाताने दांडा भिंतीतून निघून आला आणि ते पडले. दांडा वाईट होता की काम? (कार्यकारिणी सदस्य, कोल्हापूर)

बहुधा भिंत आणि खिळा यांची जोडी चुकली. आजच्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यात विटेच्या भिंतीसाठीचा प्लॅस्टिकचा गट्टू ठोकला, तर स्क्रू घट्ट वाटतो, पण भोवतालचा ब्लॉक भुसभुशीत असल्याने झटका बसताच गट्टूसकट बाहेर येतो. भिंत कसली आहे हे बांधकामाच्या नकाशावरून किंवा दुसऱ्या बाजूने छोटे भोक पाडून समजते. पांढरट, हलकी पूड पडली तर एएसी, लाल पूड पडली तर वीट, करडी आणि कठीण असेल तर काँक्रीट.

एएसीत दोनच खात्रीचे मार्ग. भिंतीच्या पलीकडून लोखंडी पट्टी लावून आरपार बोल्ट, किंवा राळ भरून बसवायचे केमिकल अँकर. अँकर लावताना भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढावी लागते. धूळ राहिली की राळ धुळीलाच चिकटते. पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. विटेच्या भिंतीत लांब धातूचे अँकर चालतात, मात्र ते विटेत बसले पाहिजेत, दोन विटांच्या सांध्यात नाहीत. टाइल भेदताना ड्रिलचा हातोडा मोड बंद ठेवा, भिंतीत गेल्यावर सुरू करा. भोकाभोवती सिलिकॉन भरा, नाहीतर पाणी मागे जाऊन खालच्या घरात ओल येते.

दांडा ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा, ३२ ते ४० मिलिमीटर जाडीचा, भिंतीपासून साधारण ४० मिलिमीटर अंतरावर असावा. अंतर जास्त ठेवले तर तोल जाताना हात मागे घसरून मनगट अडकते. कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर आणि आडवा दांडा बैठकीच्या २०० मिलिमीटर वर. नळाजवळ उभा दांडा ९०० पासून १५०० मिलिमीटरपर्यंत. टॉवेल अडकवायची नळी आणि रबरी चकतीने चिकटणारे दांडे यांवर भार द्यायचा नाही. ज्येष्ठ त्यांनाच आधी हात लावतात, म्हणून ते काढूनच टाका.

बसवल्यावर मिस्त्रीने स्वतःच्या वजनाने लोंबकळून दाखवावे. ११० किलोचा ओढा दांड्याने सहन केला पाहिजे. पैसे त्यानंतर द्या.

दरवाजा बाहेर उघडेल असा करून घेणे दांड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पडलेली व्यक्ती आतल्या दाराला टेकलेली असते आणि आत उघडणारे दार ढकलताच तिलाच लागते. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घ्या. बाथरूममधली आपत्कालीन घंटा दोन उंचींवर हवी, जमिनीपासून ९०० आणि ३०० मिलिमीटरवर. पडलेला माणूस वरच्या बटणापर्यंत पोहोचत नाही. फरशी न घसरणारी असली तरी साबणाच्या थराने ती गुळगुळीत होते. ब्रशने आठवड्याला घासा, ॲसिड वापरू नका, त्याने खडबडीत पृष्ठभाग खाल्ला जातो.

महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या नव्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. त्यात ९०० मिलिमीटरचे दरवाजे, १५०० मिलिमीटरचा जिना, एका टप्प्यात १२ पायऱ्यांपेक्षा जास्त नाहीत, दोन्ही बाजूंना कठडा, न घसरणाऱ्या फरशा आणि आधाराचे दांडे यांचा समावेश आहे. जुन्या सोसायटीला ते बंधनकारक नसले, तरी दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना हीच यादी समोर ठेवा. प्रवेशद्वाराशी रॅम्प करणार असाल तर उतार १ ला १२. जोते ४५० मिलिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब लागेल. जागा नाही म्हणून तो तीन मीटरमध्ये उरकला, तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या हातून ती सुटते.

प्रश्न : मेस, परिचारिका आणि देखभाल असा सगळा खर्च एकाच बिलात लावतो. मेसमध्ये न जेवणारे तक्रार करतात आणि आता जीएसटीही लागेल असे म्हणतात. (खजिनदार, पुणे)

तीन बिले वेगळी करा. कारण कायद्याचे आहे आणि भांडणाचेही.

उपविधीप्रमाणे सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान असते, लहान-मोठा पाहत नाहीत. लिफ्टचा खर्चही तळमजल्यासह सगळ्यांना सारखाच. पाणी नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, जमिनीची किंमत धरायची नाही. परिचारिका आणि आपत्कालीन घंटा यांचा खर्च सगळ्यांसाठी सारखा ठेवणे योग्य आहे, कारण कोणत्याही रात्री कोणालाही तिची गरज लागू शकते. मेसचे तसे नाही. न जेवणाऱ्यावर अन्नखर्च टाकता येत नाही. स्वयंपाकघराचा स्थिर खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा असेल, तर तो मूळ करारात किंवा नोंदलेल्या उपविधीत असला पाहिजे. नुसत्या बहुमताच्या ठरावावर तो लादू नका. जेवणासाठी कुपन ठेवा. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत न कळवल्यास ताटाचे पैसे लागतील, हा नियम आचाऱ्याच्या सोयीचा आहे आणि वाया जाणारे अन्नही कमी करतो.

परिचारिकेबद्दल एक हिशेब बहुतेक खजिनदारांच्या नजरेतून सुटतो. चोवीस तासांसाठी तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या. एका व्यक्तीला साप्ताहिक सुट्टी देऊन सहाच होतात. तिघींमध्ये १८ पाळ्या भरतात, तीन उघड्या राहतात आणि त्या नेहमी रविवारच्या रात्री येतात. चौघी लागतात. तेवढे अंदाजपत्रकात धरा.

जीएसटीची अट दुहेरी आहे. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर आणि एका फ्लॅटची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांवर, दोन्ही असतील तरच कर. २२ जुलै २०१९ च्या परिपत्रकानुसार वर्गणी ७,५०० ओलांडली की पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतो. ८,००० च्या वर्गणीवर १,४४० रुपये. परिपत्रकाच्या या मुद्द्यावर न्यायालयीन वाद झालेले आहेत, म्हणून कर सल्लागाराचे लेखी मत फाइलला ठेवा. ७,५०० ची सवलत सामाईक वापराच्या सेवांसाठी आहे. एकेकाच्या ताटाचे पैसे त्याच ओळीत मिसळले, तर सवलत धोक्यात येते आणि मर्यादाही ओलांडली जाते. महापालिकेचा कर सोसायटी फक्त गोळा करून भरत असेल, तर तोही स्वतंत्र ओळीत दाखवा. एका सभासदाचे दोन फ्लॅट असतील तर मर्यादा प्रत्येक फ्लॅटला वेगळी मोजतात.

थकबाकीवर व्याज सरळ, जास्तीत जास्त २१ टक्के. पाणी किंवा लिफ्ट बंद करून वसुली करू नका. कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला मागा.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचे शिबिर सोसायटीतच घ्यायचे आहे. गेल्या वर्षी निम्म्या लोकांचे अंगठे उमटले नाहीत. (सांस्कृतिक समिती, सांगली)

अंगठ्याचे यंत्र सोडा, चेहरा ओळख वापरा. वयानुसार बोटांच्या रेषा पुसट होतात, मशीन बदलून फरक पडत नाही. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. आधी ऑपरेटरने स्वतःचा चेहरा नोंदवायचा, मग त्याच फोनवर अनेकांचे दाखले काढता येतात. प्रत्येकाला साधारण १० मिनिटे धरा. दोन फोन असतील तर तासाला १२ जण. त्याप्रमाणे वेळ वाटून द्या, म्हणजे ८० वर्षांच्या माणसाला रांगेत उभे राहावे लागणार नाही.

प्रत्येकाने आधार कार्ड, पीपीओ (पेन्शन मंजुरी आदेश) क्रमांक, पेन्शन जमा होते त्या बँक खात्याचा क्रमांक आणि ओटीपी येणारा मोबाइल सोबत आणावा. मोबाइल मुलाकडे परगावी असतो आणि ओटीपीसाठी फोनाफोनी होते. याची सूचना आठवडाभर आधी द्या. खुर्ची भिंतीकडे पाठ करून, उजेड चेहऱ्यावर पडेल अशी ठेवा. खिडकी मागे असेल तर चेहरा काळा दिसतो. चष्मा काढायचा आणि सूचना आल्यावर डोळे मिटून उघडायचे. डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर त्या व्यक्तीला थोड्या दिवसांनी बोलवा.

नकार बहुतेक वेळा एकाच कारणाने येतो, पेन्शन देणारी संस्था किंवा बँक यादीतून चुकीची निवडली जाते. दाखला तयार होतो, प्रमाण क्रमांक मिळतो, पण बँक तो नाकारते आणि डिसेंबरची पेन्शन थांबते. म्हणून क्रमांक वहीत लिहा आणि आठवड्याने स्थिती पाहा. पतीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी स्वतःचा नवा पीपीओ आणायचा, पतीचा जुना चालत नाही.

केंद्राच्या पेन्शनरांपैकी ८० वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. त्यांचे शिबिर आधीच उरका. ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना) वाल्यांचा दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो, त्यांना नोव्हेंबरच हवा असे नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टाची घरपोच सेवा ७० रुपयांत आहे, पोस्टमन यंत्र घेऊन येतो.

प्रश्न : सोसायटीचे मासिक वार्तापत्र सुरू करतोय. काय छापावे, काय नाही? (वार्तापत्र मंडळ, ठाणे)

अक्षर १४ ते १६ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, कागद चकाकी नसलेला, फोटोवर मजकूर नको. मंगल किंवा तत्सम साधा टंक. एक तारखेला घरपोच जावे, कारण व्हॉट्सॲपवरची फाइल निम्म्या सभासदांना उघडता येत नाही.

पहिल्या पानावर पुढच्या महिन्याच्या गोष्टी. पाण्याची टाकी कोणत्या दिवशी धुतली जाणार आणि पाणी किती वाजेपर्यंत नसणार. लिफ्ट कोणत्या तासांत बंद. नेत्रतपासणी, भजन, हास्यक्लब, कोजागरी यांची तारीख वारासह, सुरू होण्याची आणि संपण्याचीही वेळ, ठिकाण, बसायला खुर्ची आहे की सतरंजी, स्वच्छतागृह किती जवळ. सतरंजी आहे म्हटल्यावर गुडघ्यांचा त्रास असणारे येणार नाहीत, म्हणून आधीच खुर्च्या लावा आणि तसे छापा. लाउडस्पीकर रात्री १० नंतर नाही. समितीचे निर्णय ठराव क्रमांकासह दोन-तीन साध्या वाक्यांत द्या, त्याने अफवा निम्म्या होतात.

कोण परदेशी मुलाकडे किती महिने गेले, कोणाच्या घरी एकटे कोण आहे, वाढदिवसाचे वर्ष, फ्लॅट क्रमांकासह फोन, यांतले काहीही छापू नका. हा कागद दूधवाला, रद्दीवाला आणि कोणाच्याही हाती जातो. फसवणूक करणाऱ्याला एवढीच माहिती हवी असते. शुभेच्छा द्यायच्या तर नाव आणि महिना पुरे. निधनवार्ता कुटुंबाला विचारून, आजाराचे नाव न देता. थकबाकीदारांची यादी वार्तापत्रात नको, तो विषय सर्वसाधारण सभेचा आहे.

शेवटच्या पानावर फोन क्रमांक दर महिन्याला तेच ठेवा, जागाही तीच. परिचारिका कक्ष, वॉचमन, लिफ्ट कंपनी, १०८, ११२ आणि ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७. अंक २४ पॉइंटमध्ये. हे पान फाडून फोनजवळ चिकटवता येईल अशी आखणी करा.